होडीतली शिदोरी

शेतातून आला असाल, हातपाय धुऊन बसला असाल, नाहीतर चुलीपुढं बसूनच ऐकत असाल. ऐका, पण आज जवळ एक वही आणि पेन ठेवा. मधे काही मापं सांगणार आहे, ती लिहून घ्यायची आहेत.

मी अकोले तालुक्यात बचत गटांचं समन्वयाचं काम करते. गटांच्या बैठका घ्यायच्या, वह्या तपासायच्या, बँकेत सोबत जायचं, असं माझं काम. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. विषय आहे, होडीतून सहलीला जाणाऱ्या माणसांचं जेवण. तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला कुठं सहल? खरं आहे. पण सहलीला जाणारी माणसं आपल्या दारात येतात, आणि त्यांच्या जेवणाचे पैसे कुणाच्या हातात जातात, हा प्रश्न आपलाच आहे.

आपल्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, अगदी पश्चिम टोकाला भंडारदरा आहे. प्रवरेवर बांधलेलं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. धरणाच्या मागं जे पाणी पसरलंय त्याला ऑर्थर लेक म्हणतात. एका अंगाला कळसूबाई, दुसऱ्या अंगाला रतनगड, पाण्याच्या टोकाला रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं देऊळ. हे पाणी कालव्यानं खाली जातं. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडचा ऊस त्यावर पिकतो. पाणी आमच्या उशाला, ऊस खालच्या अंगाला, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. आता पाण्याच्या काठी तंबू लागतात. शनिवार-रविवार मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्या येतात. मे अखेर, जूनच्या तोंडाला काजवे बघायला तर रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे पाण्याबरोबर आता पैसाही आमच्या दारावरून जातो. तो थोडा तरी दारात थांबावा, एवढीच आमची इच्छा.

काही पाहुणे कयाक घेऊन येतात. कयाक म्हणजे लांबट, निमुळती, हलकी होडी. एक किंवा दोन माणसं पाय लांब करून बसतात आणि दोन्हीकडं पातं असलेल्या वल्ह्यानं वल्हवतात. ही होडी मूळची उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातली, इन्युइट लोकांची. शिकारीसाठी ते ती वापरायचे. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलच्या कातड्याचं आवरण चढवायचे, आणि ते कातडं पाणी आत येणार नाही असं घट्ट शिवायचं काम बायकांचं होतं. पुरुष शिकारीला जाणार, पण त्याचा जीव बायकोच्या टाक्यावर! हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या एक मावशी म्हणाल्या, "मंग नाव कुनाचं झालं, शिकाऱ्याचंच ना?" सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात खरं होतं.

आता आमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाला एक काम आलं. बारा पाहुणे, सहा कयाक, पलीकडच्या काठाला जिथं गाडी जात नाही अशा जागी एक रात्र मुक्काम. दोन दिवसांचं सगळं जेवण आपण द्यायचं. माणशी ३५० रुपये, म्हणजे ४,२०० रुपये. आम्हाला वाटलं, घबाडच मिळालं. परात, मोठी पातेली आणि दोन स्टोव्ह घ्यायला गटाच्या बचतीतून आठ हजार रुपये काढले. दहा बायकांची शंभर-शंभर रुपयांनी साठवलेली बचत ती. त्यातल्या दोघींनी घरी सांगितलंसुद्धा नव्हतं.

आणि आमचं काय चुकलं ते ऐका, कारण चुकीतूनच पुढचं सगळं शिकलो.

पहिली चूक, पलीकडं जाऊन भाकरी करायचं ठरवलं. पाहुण्यांना गरम नागलीची भाकरी द्यायची हौस. आम्ही तिघी मोठ्या होडीतून भांडी घेऊन गेलो. पण पाण्याकाठी संध्याकाळी वारा सुटतो. स्टोव्हची ज्योत तव्याखाली थांबेना. छत्तीस भाकरी करायच्या, एका तव्यावर. रात्रीचे अकरा वाजले. पाहुणे अर्धे उपाशीच झोपले.

दुसरी चूक, मीठ, मसाला आणि काडेपेट्या एकाच पिशवीत, आणि ती पिशवी एका कयाकमधे. काठाला लागताना ती कयाक कलंडली. माणसं गुडघाभर पाण्यात होती, त्यांना काही झालं नाही. पण मिठाचं पाणी झालं आणि काडेपेट्यांचा लगदा. होडीवाल्या दादांच्या खिशात लायटर होता म्हणून स्टोव्ह तरी पेटला. पिठलं मात्र अळणी.

तिसरी चूक, दुसऱ्या दिवसासाठी घरून नेलेल्या चपात्या गरम-गरम प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या होत्या. वाफ आतच राहिली, चपात्यांना घाम सुटला. सकाळी पिशवी उघडली तर आंबूस वास. फेकून द्याव्या लागल्या.

आणि चौथी चूक सगळ्यात मोठी. ती घरी येऊन हिशोबाला बसल्यावर कळली. लिहून घ्या. किराणा २,३५० रुपये. गॅस ३००. गाडीभाडं ६००. किरकोळ २५०. झाले ३,५०० रुपये. हातात उरले ७००. आता मजुरी बघा. आदल्या दिवशी चौघींनी तयारी केली, ते चार दिवस. पुढं तिघी दोन दिवस तिथं, ते सहा दिवस. एकूण दहा दिवसांची मजुरी, आणि उरले ७००. म्हणजे बाईला दिवसाला ७० रुपये. तेव्हा आमच्याकडं खुरपणीची हजेरी ३०० होती. वर घरची नागली, घरचे तांदूळ, ते कुणी धरलेच नव्हते. आयोजकाकडं थोडे जास्त मागितले, तर ते म्हणाले, जेवण उशिरा दिलं, चपात्या फेकल्या, उलट तुम्हीच कमी घ्या. काय बोलणार? चूक आमचीही होती.

त्या बैठकीत गट मोडायचीच वेळ आली. एकीचे मालक म्हणाले, लोकांची भांडी घासायला बायको पाठवणार नाही. दुसरी म्हणाली, माझी बचत मला परत द्या. कुणी कुणाकडं बघेना.

तेव्हा बोलल्या त्या आमच्या मावशीच. साठीच्या आहेत, अंगठा लावतात. म्हणाल्या, "पोरींनो, आमी जुन्नर-नारायनगावला कामाला जायचो. घाट उतरून, पोरं काखेला. तितं काय स्टोव्ह व्हता का? आधी वलं खायचं, मंग सुकं खायचं. आन् भाकर घरूनच न्यायची, तितं फकस्त पानी उकळायचं."

मैत्रिणींनो, एवढ्या दोन वाक्यांत सगळं शास्त्र आलं. आधी ओलं, मग सुकं. भाकरी घरून, तिथं फक्त पाणी उकळायचं. आपण काय, शिदोरीच्या मुलखातली माणसं. वारीला जाणारी दिंडी, मेंढरं घेऊन हिंडणारे धनगर, कोयत्याला जाणारी माणसं, सगळ्यांनी शिदोरीवर दिवस काढलेत. दशमी, धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, खुरासणीची चटणी. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आम्ही मात्र हॉटेल करायला निघालो होतो.

मग आम्ही पद्धतच बदलली. आता आम्ही पलीकडं जात नाही. आम्ही शिदोरी बांधून देतो. प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी, तिच्यावर चिठ्ठी, आणि स्वयंपाक पाहुणे स्वतः करतात. त्यांना तेच आवडतं, असं लक्षात आलं. आपल्याला ज्याचा रोजचा कंटाळा, त्याची त्यांना हौस!

आता बारा माणसांचा बेत सांगते. लिहून घ्या.

पहिल्या दिवशी दुपारी, दुधात भिजवलेल्या दशम्या, माणशी तीन, म्हणजे छत्तीस. तीन किलो पीठ लागतं. पाणी न घालता नुसत्या दुधात पीठ मळलं की दशमी मऊ राहते आणि साध्या भाकरीपेक्षा जास्त टिकते. तरी आम्ही ती त्याच दिवशी संपवायला सांगतो. सोबत परतून कोरडा केलेला ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि गुळाचा खडा. दशम्या सुपात किंवा कापडावर पसरून पूर्ण गार करायच्या, मग सुती फडक्यात बांधायच्या, आणि मगच डब्यात.

संध्याकाळी, कोरा गुळाचा चहा आणि चिवडा. चिवडा पाऊण किलो पुरतो.

रात्री, हुलग्याची शेंगोळी. हा आपल्याकडचा पदार्थ म्हणजे अशा प्रवासासाठीच जन्माला आलाय. भाजी लागत नाही, एकच पातेलं लागतं, आणि वल्हवून दुखणाऱ्या अंगाला गरम-गरम रस्सा. एक किलो हुलग्याचं पीठ, पाव किलो ज्वारीचं पीठ. मीठ, तिखट, जिरे, ओवा, सुकवलेल्या लसणाची पूड घरीच मिसळून देतो. तिथं फक्त पाणी घालून घट्ट मळायचं, हातावर लांबट वळायचं. तेलाची फोडणी, साडेचार ते पाच लिटर पाणी, उकळी आली की शेंगोळी सोडायची, वीस-पंचवीस मिनिटं शिजवायची. मूठभर पीठ बाजूला ठेवून शेवटी पाण्यात कालवून लावायचं, म्हणजे रस्सा दाट होतो. सोबत थोडा भात, माणशी पन्नास ग्रॅम तांदूळ, म्हणजे ६०० ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उपमा. पाऊण किलो रवा घरीच खमंग भाजून, फोडणी देऊन, गार करून भरायचा. तिथं अडीच लिटर उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं, झालं.

दुपारी, पिठलं-भात. अर्धा किलो बेसन कोरडंच हलकं भाजून त्यात मीठ, हळद, तिखट, जिरे घालून देतो. तिथं कांद्याची फोडणी, दोन लिटर पाणी, उकळी आली की बेसन थोडं-थोडं सोडत हलवत राहायचं. तांदूळ माणशी शंभर ग्रॅम, म्हणजे एक किलो दोनशे. तांदूळ अर्धा तास भिजवून ठेवा, आणि बहुतेक शिजला की स्टोव्ह बंद करून पातेलं जाड कापडात गुंडाळून ठेवा. आतल्या वाफेवर राहिलेला शिजतो, गॅस वाचतो.

तेल अर्धा लिटर, गूळ अर्धा किलो, कांदे दीड किलो धरले की सगळं मिळून साधारण साडेबारा किलो होतं. सहा कयाकमधे वाटलं की एकीला दोन किलोच्या थोडं वर. वजनाचा विचार फार महत्त्वाचा. पाच किलोची गॅसची टाकी घ्या म्हणतात, पण त्या टाकीचं स्वतःचं वजन आतल्या गॅसपेक्षा जास्त असतं. ती एका टोकाला ठेवली तर होडी तिकडंच झुकते. म्हणून जड सामान खाली आणि मधोमध, हलकं टोकांना.

आता बांधणी. पीठ, रवा, बेसन आधी एका पिशवीत, हवा काढून गाठ. मग दुसऱ्या पिशवीत. मग घट्ट झाकणाच्या बरणीत, नाहीतर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. तशा पिशव्या मिळतात, तोंड तीनदा गुंडाळून चाप लावायचा. नसेल तर झाकणाचा छोटा प्लास्टिक ड्रमही चालतो. पण आधी घरी परीक्षा घ्या. आत कोरडा कागद ठेवून बादलीत पाच मिनिटं बुडवा. कागद ओला झाला तर ती बरणी होडीत नको. मीठ आणि काडेपेटी तीन ठिकाणी विभागून. एकाच दिवसाचं सगळं जेवण एकाच होडीत नको. एक होडी कलंडली तरी बाकीच्यांनी मिळून पोट भरलं पाहिजे.

पाण्याचं सांगते. पाणी समोर दिसतं म्हणून ते पिण्याचं नसतं. पहिल्या दिवसाचं पिण्याचं पाणी माणशी किमान दोन लिटर घरून. नंतरचं जलाशयाचं पाणी गाळून, खळखळून उकळी येऊन वर एक मिनिट तसंच उकळू द्यायचं. क्लोरीनचे थेंब वापरले तर बाटलीवर लिहिलेलं माप घ्या आणि अर्धा तास थांबा. कुणाला जुलाब लागले तर लिटरभर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट-घोट पाजत राहायचं. हे तर घरातही लक्षात ठेवा.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची आपली सवय. सहलीत नको. उबेत राहिलेल्या भातात जंतू वाढतात, त्यांचं विष तयार होतं, आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. भात मोजून लावा, उरला तर टाकून द्या. मला माहीत आहे, अन्न टाकायला आपला हात धजत नाही. म्हणूनच माप महत्त्वाचं.

चूल मांडायचीच असेल तर परवानगी असलेल्या जागीच. तिकडचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वाळल्या गवताच्या दिवसांत एक ठिणगी डोंगर जाळते, आणि मग आपल्याच गुरांचा चारा जातो. भांडी पाण्याच्या काठावर घासायची नाहीत. शंभर पावलं लांब जाऊन, राखेनं. ते पाणी खाली कुणीतरी पिणार आहे.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगते, तुम्हालाही सांगते. मे २०२४ मधे आपल्याच तालुक्यात, सुगावजवळ प्रवरेत, बुडालेल्यांना शोधायला राज्य आपत्ती दलाचे जवान उतरले होते. त्यांची बोट उलटली आणि तीन जवान गेले. त्याच आठवड्यात उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं बोट उलटून सहा जण गेले. शिकलेल्या, तयारीच्या माणसालाही पाणी सोडत नाही. म्हणून अंगात लाईफ जॅकेट, आणि त्याचे पट्टे बांधलेले. जॅकेट नसेल तर आमची शिदोरी मिळत नाही. हे आम्ही गटाच्या ठरावात लिहिलंय. एकदा असं गिऱ्हाईक परतही पाठवलं. त्या दिवशी पैसे बुडाले, पण झोप लागली.

आता शेवटचा हिशोब. किराणा २,७०० रुपये, त्यात घरची नागली, तांदूळ, हुलगा बाजारभावानं धरलेले. भाजायला गॅस ४००. बांधणी ३००. गाडी २००. मजुरी चौघींचा दीड-दीड दिवस, म्हणजे सहा दिवस, ४०० रुपयांनी २,४००. झाले ६,०००. त्यावर गटासाठी दहा टक्के, ६००. एकूण ६,६००. बारा माणसांत माणशी ५५० रुपये.

हा दर पहिल्यांदा सांगताना माझा आवाज कापत होता. ज्यांनी आधी काम दिलं होतं, ते म्हणाले, महाग आहे. दुसऱ्यांनीही नाही म्हटलं. तिसरे हो म्हणाले. आम्ही दर खाली आणला नाही. आठ हजार परत बचतीत यायला दहा महिने लागले, पण आले. जिनं बचत परत मागितली होती, ती आता चिठ्ठ्या लिहिते. आणि ज्यांचे मालक नको म्हणत होते, ते हुलगा पेरायचं बोलतात.

हुलग्यावरून आठवलं. आपल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला, त्यांनी काय केलं? कुणी विचारत नव्हतं ते गावरान बियाणं जपलं. आपल्या कणगीत जे आहे त्याला किंमत आहे, पण ती आपण धरली तर. नागली, वरई, हुलगा, खुरासणी ही आपण गरिबीची पिकं मानली. आज शहरातली माणसं तीच मागतात, आणि आपण त्यांना दुकानातून आणलेल्या नूडल्स उकळून देतो!

तुमच्या गावाजवळ भंडारदरा नसेल. पण किल्ला असेल, देवस्थान असेल, दिंडीचा मुक्काम असेल, पुण्याला शिकायला असलेलं गावातलं पोर असेल. शिदोरी लागणारं माणूस सगळीकडं आहे. सुरू करायचं असेल तर तीन गोष्टी आधी करा. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी, छोट्या धंद्यासाठी ती सोपी आहे. पिशवीवर गटाचं नाव आणि बनवल्याची तारीख. आणि वहीत मजुरीचा रकाना. हा तिसरा रकाना कोरा ठेवू नका. पीठ, तेल, गॅस सगळ्याला किंमत, आणि बाईच्या हातांना नाही, असा हिशोब पुन्हा लिहायचा नाही.

पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या सगळ्यात वयस्क बाईला एवढंच विचारा, मावशी, तुम्ही कामाला बाहेरगावी जायचा तेव्हा शिदोरीत काय न्यायचा? आणि ती सांगेल ते लिहून घ्या.

येते. नमस्कार.